यकृताची गांठ आणि शस्त्रवैद्याची सुरी

घरांतील कर्त्या माणसाला दोन महिन्यांपासून जेवण जात नव्हतें. उजव्या बरगडीखालीं जडपणा वाटत होता, वजन उतरत होतें. कोणी पित्त म्हटलें, कोणी काविळीचें झाडपाल्याचें औषध आणून दिलें. शेवटीं सोनोग्राफी झाली, मागाहून सी. टी. स्कॅन झाला, आणि अहवालांत लिहून आलें कीं, यकृतांत चार गांठी आहेत. त्यांतील मोठी सहा सेंटिमीटरांची आहे. मोठ्या शिरा मोकळ्या आहेत आणि रोग यकृताबाहेर गेलेला दिसत नाहीं. असा प्रसंग नाशिकच्या गंगापूर रोडवरील घरांत येतो, तसाच मालेगांवच्या किंवा निफाडच्या घरांतहि येतो. डॉक्टर या स्थितीस यकृताच्या कर्करोगाची मधली अवस्था म्हणतात. घरांतील मंडळींचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो : "ऑपरेशन होईल ना?"

"होईल" असें उत्तर मिळालें तर घराला धीर येतो. "नाहीं" असें मिळालें तर घर खचून जातें. शस्त्रक्रिया म्हणजे जीवदान आणि शस्त्रक्रिया नाहीं म्हणजे वैद्यांनीं हात टेकले, असा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. यकृताच्या बाबतींत हा हिशेब चुकतो. आणि तो चुकल्यामुळें कित्येकदां नको ती शस्त्रक्रिया होते, कित्येकदां हवी ती राहून जाते. म्हणून या मधल्या अवस्थेंत शस्त्रवैद्य काय करूं शकतो, काय करूं शकत नाहीं, आणि केव्हां त्यानें थांबणें हेंच शहाणपणाचें असतें, हें सुशिक्षित घरानें आधींच समजून घेतलेलें बरें.

प्रथम यकृताची ओळख. शरीरांतील ही सर्वांत मोठी ग्रंथी. प्रौढ माणसांत तिचें वजन सुमारें दीड किलोपर्यंत असतें. खाल्लेल्या अन्नाचें सत्त्व साठविणें, पित्त तयार करणें, रक्त गोठविणारीं द्रव्यें बनविणें, विषारी पदार्थांचा नाश करणें अशीं अनेक कामें ती एकटी करिते. यकृताला रक्त दोन वाटांनीं मिळतें. आंतड्यांतून सत्त्व घेऊन येणारी एक मोठी शीर सुमारें तीन-चतुर्थांश रक्त पुरविते, आणि हृदयाकडून येणारी एक रोहिणी उरलेलें एक-चतुर्थांश. परंतु कर्करोगाची गांठ आपलें पोषण बहुतेक सगळें रोहिणीकडूनच ओढून घेते. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें एका उपचाराची सारी युक्ति हिच्यावरच उभी आहे.

यकृताचा आणखी एक गुण म्हणजे पुन्हां वाढण्याची शक्ति. निरोगी यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग कापून काढला तरी उरलेला भाग कांहीं आठवड्यांत वाढूं लागतो आणि कांहीं महिन्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकाराचा होतो. ग्रीक पुराणांत प्रमीथ्यूस नांवाच्या वीराचें यकृत गरुड रोज तोडून खातो आणि तें रोज रात्रीं पुन्हां वाढतें, अशी कथा आहे. कथेचा अतिशयोक्तीचा भाग सोडला तर ती शरीरशास्त्राला फारशी सोडून नाहीं.

पण येथेंच मोठी अडचण आहे. पुन्हां वाढण्याची ही शक्ति निरोगी यकृताची आहे, आणि यकृतांत उगम पावणारा कर्करोग निरोगी यकृतांत क्वचितच होतो. बहुधा आधीं वर्षानुवर्षें यकृताला इजा होत असते. ती 'ब' किंवा 'क' प्रकारच्या काविळीच्या विषाणूंनीं होते, दारूनें होते, किंवा मधुमेह व स्थूलपणा यांबरोबर येणाऱ्या चरबीनें होते. जखम आणि व्रण यांची माळ लागून यकृत कठीण व गाठाळ होतें. या विकारास सिऱ्होसिस म्हणतात. अशा यकृतांत जेव्हां कर्करोग होतो, तेव्हां रोग्याला एक नव्हे तर दोन रोग असतात : एक गांठीचा आणि दुसरा यकृताच्या दुबळेपणाचा. शस्त्रवैद्यानें गांठ पूर्णपणें काढली आणि उरलेलें यकृत काम करीनासें झालें, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनहि रोगी दगावतो.

याच कारणामुळें या रोगाच्या पायऱ्या ठरवितांना केवळ गांठींची संख्या मोजून भागत नाहीं. १९९९ सालीं स्पेनमधील बार्सिलोना येथील वैद्यांनीं एक पद्धति मांडली. ती पुढें अनेकदां सुधारली गेली आणि आज जगभर वापरली जाते. तींत तीन गोष्टी एकत्र पाहतात : गांठी किती, केवढ्या व कोठवर पसरल्या, यकृताची शक्ति किती शिल्लक आहे, आणि रोगी स्वतः हिंडता-फिरता आहे कीं अंथरुणाला खिळला आहे. मधली अवस्था म्हणजे गांठी अनेक आहेत, परंतु त्या मोठ्या शिरांत शिरलेल्या नाहींत, यकृताबाहेर गेलेल्या नाहींत, यकृत अजून काम करीत आहे आणि माणूस आपलीं नित्याचीं कामें करूं शकतो. यकृताची शक्ति मोजण्याचें साधन म्हणजे चाइल्ड आणि प्यू यांच्या नांवानें ओळखला जाणारा गुणांक. रक्तांतील पित्तद्रव्य, रक्तांतील अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटांत साठलेलें पाणी आणि मेंदूवरील गुंगी या पांच गोष्टींवरून तो काढतात. 'अ' वर्ग उत्तम, 'ब' मध्यम, 'क' क्षीण.

आतां शस्त्रक्रियेकडे वळूं. पहिला प्रकार म्हणजे गांठींसह यकृताचा भाग कापून काढणें. यकृत हा रक्तानें भिजलेला अवयव असल्यामुळें त्याला सुरी लावण्यास वैद्य फार काळ धजत नव्हते. १८८८ सालीं बर्लिनमध्यें कार्ल लांगेनबुख यानें यकृताचा एक भाग यशस्वीपणें काढला. १९०८ मध्यें ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यानें यकृताकडे जाणाऱ्या शिरा थोडा वेळ दाबून धरून रक्तस्राव आवरण्याची युक्ति सांगितली. ती आजहि वापरांत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्यें क्लोद क्विनो यानें यकृताचे आठ खंड असतात आणि प्रत्येकाला आपापली रक्ताची व पित्ताची वाट असते, हें दाखवून दिलें. त्यामुळें संत्र्याची फोड सोलून काढावी तसा एखादा खंड वेगळा काढणें शक्य झालें. आज अनुभवी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेंत दगावणाऱ्यांचें प्रमाण शंभरांत पांचांहून कमी असतें. कित्येक रोग्यांत ती दुर्बिणीनें, पोटावर लहान छिद्रें पाडून करितात. पण बाहेरची जखम लहान झाली म्हणून आंतील कापणी लहान होत नाहीं, हें विसरूं नये.

मधल्या अवस्थेंत ही शस्त्रक्रिया कोणाला मानवते? गांठी दोन किंवा तीनच असून त्या यकृताच्या एकाच बाजूस असतील, यकृत 'अ' वर्गांतील असेल, प्लीहा वाढलेली नसेल, अन्ननलिकेंतील शिरा फुगलेल्या नसतील आणि रक्तांतील बिंबाणु फार उतरलेले नसतील, तर अनुभवी शस्त्रवैद्य तिचा विचार करितो. मग प्रश्न येतो तो मागें किती उरेल याचा. निरोगी यकृत असेल तर चौथा हिस्सा उरला तरी सहसा भागतें. सिऱ्होसिस असेल तर निदान चाळीस टक्के तरी उरावें लागतें. तेवढें उरत नसेल तर एक तोड आहे. जो भाग काढावयाचा त्याच्याकडे जाणारी मोठ्या शिरेची फांदी आधीं बंद करितात. तिकडचें रक्त दुसऱ्या बाजूस वळतें, ती बाजू चार-सहा आठवड्यांत वाढते, आणि मग शस्त्रक्रिया करितात. ती बाजू वाढलीच नाहीं, तर तोहि एक कौलच समजावा : हें यकृत मोठी कापणी सोसणार नाहीं.

कापून काढलें म्हणजे रोग संपला असें मात्र नव्हे. मागें राहिलेलें यकृत तेंच, त्याच जुन्या इजेचें असतें. म्हणून पांच वर्षांच्या आंत शंभरांपैकीं सुमारें सत्तर रोग्यांत गांठ पुन्हां दिसते. एका शेतांत तण उपटलें, पण बीं मातींतच राहिलें, असा हा प्रकार आहे. शस्त्रक्रियेनंतर दर कांहीं महिन्यांनीं तपासणी सांगतात ती या कारणानें. ती टाळूं नये.

बीं आणि माती दोन्ही एकदम काढून टाकणें, हा दुसरा प्रकार. म्हणजे संपूर्ण यकृत बदलणें. टॉमस स्टार्झल यानें १९६३ सालीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें माणसावर हा पहिला प्रयत्न केला. तो रोगी वाचला नाहीं. १९६७ मध्यें त्याला यश आलें. भारतांत या शस्त्रक्रियेस यश येण्यास १९९८ साल उजाडलें. कर्करोगावर ती आरंभीं सरसकट करीत, आणि रोग पुन्हां उलटून नवें यकृतहि वाया जाई. १९९६ सालीं इटलींतील मिलान येथील मात्साफेर्रो आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं एक मर्यादा घालून दिली : गांठ एक असेल तर पांच सेंटिमीटरांपर्यंत, किंवा तीनपर्यंत असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरांपर्यंत. या मर्यादेंत निवडलेल्या त्यांच्या ४८ रोग्यांत चार वर्षांनीं जगण्याचें प्रमाण ७५ टक्के निघालें.

मधल्या अवस्थेंतील रोगी बहुधा या मर्यादेच्या बाहेर असतो. मग त्याला दार बंदच काय? पूर्वीं तसें मानीत. आतां 'पायरी खालीं आणणें' असा एक मार्ग मान्य झाला आहे. प्रथम इतर उपचारांनीं गांठी मारावयाच्या किंवा लहान करावयाच्या. कांहीं महिने वाट पाहावयाची. रोग दबून राहिला तर यकृत बदलावयाचें. इटलींतच झालेल्या आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत, अशा रीतीनें रोग दबलेल्या ४५ रोग्यांपैकीं कांहींचें यकृत बदललें आणि कांहींचे इतर उपचार चालू ठेवले. पांच वर्षांनीं पहिल्या गटांत सुमारें ७७ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटांत सुमारें ३१ टक्के. रोग्यांची संख्या लहान असली तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. वाट पाहण्याचा काळ घरच्यांना फुकट गेलेला वाटतो. पण तो परीक्षेचा काळ असतो. जो रोग तेवढ्या काळांत उफाळून येतो, तो नव्या यकृतांतहि उफाळला असता.

नवें यकृत आणावयाचें कोठून, हा यापुढचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनीं दान दिलें तर तें मिळतें. १९९४ च्या कायद्यानें अशा दानाला आधार दिला. महाराष्ट्रांत त्याची वाटणी विभागीय केंद्रांमार्फत होते आणि नाशिकचा समावेश पुण्याच्या केंद्रांत आहे. नाशिकच्या एखाद्या दुःखी घरानें होकार दिला आणि पोलिसांनीं रस्ता मोकळा करून यकृत पुण्यास पोंचविलें, असे प्रसंग घडले आहेत. परंतु मागणी मोठी आणि दान थोडें. म्हणून आपल्या देशांत बहुतेक वेळां घरांतील जिवंत माणूसच आपल्या यकृताचा भाग देतो. प्रौढ रोग्यासाठीं दात्याच्या यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग, बहुधा उजवी बाजू, घ्यावी लागते. दात्याचें यकृत पुन्हां वाढतें हें खरें. पण निरोगी माणसाच्या पोटावर ही मोठी शस्त्रक्रिया असते, आणि हजारांत दोन ते पांच दाते तींत दगावतात, असा अनुभव आहे. हा आंकडा लहान दिसतो. ज्या घरांत तो येतो त्या घराला तो लहान नसतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दाता ठरवितांना आपल्या घरांत सर्वांची नजर पुष्कळदां बायकोकडे, आईकडे किंवा अविवाहित बहिणीकडे वळते, आणि तिची "हो" ही तिची स्वतःची असते कीं घरानें तिच्या तोंडीं घातलेली असते, हें कोणी विचारीत नाहीं. चांगल्या रुग्णालयांत दात्याला एकटें बसवून विचारतात आणि त्यानें नकार दिला तर कारण घरच्यांना सांगत नाहींत. घरानेंहि हाच शिरस्ता पाळावा. दान हें मागून घेतलें कीं दान उरत नाहीं.

आतां ज्या उपचारांत सुरी नाहीं, पण मधल्या अवस्थेंत ज्यांचाच उपयोग सर्वांत अधिक होतो, ते पाहूं. गांठ रोहिणीवर जगते हें वर सांगितलेंच आहे. मांडींतील किंवा मनगटांतील रोहिणींतून एक बारीक नळी यकृतापर्यंत नेतात, गांठीला रक्त पुरविणाऱ्या फांदींत औषध सोडतात आणि मग ती फांदी बुजवून टाकतात. गांठ उपाशी राहते आणि औषधहि तिच्यांतच कोंडून राहतें. बाकीचें यकृत मोठ्या शिरेच्या रक्तावर तग धरतें. या उपचारास डॉक्टर 'टेस' म्हणतात. २००२ सालीं बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील दोन तुलनांनीं तो आयुष्य वाढवितो हें दाखवून दिलें, आणि तेव्हांपासून तो मधल्या अवस्थेचा मुख्य उपचार ठरला. तो एकापेक्षां अधिक वेळां करितां येतो. नंतर कांहीं दिवस ताप, मळमळ व पोटदुखी होते. दुसरी रीत म्हणजे त्याच वाटेनें यट्रियम या किरणोत्सर्गी धातूचे सूक्ष्म गोल गांठींत सोडणें. तिसरी रीत सुईची : लहान गांठींत, विशेषतः तीन सेंटिमीटरांपर्यंतच्या, सुई खुपसून उष्णतेनें ती जाळून टाकितात. कांहीं वेळां शस्त्रवैद्य मोठी गांठ कापतो आणि दुसऱ्या बाजूची लहान गांठ त्याच बैठकींत सुईनें जाळतो.

२०२२ सालीं बार्सिलोनाच्या मंडळींनीं आपली पद्धति सुधारतांना या मधल्या अवस्थेचेच तीन भाग पाडले. गांठी मोजक्या असून यकृत बदलण्याच्या विस्तारित मर्यादेंत बसणारे, ते पहिले. गांठी वेगवेगळ्या, रेखीव आणि रक्तप्रवाह चांगला असणारे, ते दुसरे, त्यांस 'टेस'. आणि ज्यांच्या यकृतभर रोग पसरट झाला आहे, ते तिसरे, त्यांस सर्वांगीं जाणारीं औषधें. म्हणजे एकाच नांवाच्या अवस्थेंतील दोन शेजाऱ्यांस दोन निरनिराळे उपचार सांगितले, तर त्यांत एक डॉक्टर चुकला असें समजण्याचें कारण नाहीं.

औषधांच्या या वाटेवर मुंबईंत घडलेली एक घटना प्रत्येक मराठी घरानें माहीत करून घेण्यासारखी आहे. सोराफेनिब नांवाची गोळी यकृताच्या पुढच्या अवस्थेंतील कर्करोगावर आली. तिचा महिन्याचा खर्च सुमारें २,८०,००० रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजीं मुंबईच्या पेटंट कचेरीनें हैदराबादच्या नॅटको कंपनीस ती बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याची किंमत ८,८८० रुपयांवर आणली. भारतांतील असा हा पहिलाच परवाना. मूळ मालक बायर कंपनीनें दाद मागितली. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें परवाना कायम ठेवला. आज याहून नवीं औषधेंहि आलीं आहेत. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस जागें करणारीं औषधें २०२० पासून प्रचारांत आहेत. परंतु गरीब माणसाला औषध परवडणें हाहि उपचाराचाच भाग आहे, ही शिकवण त्या निकालानें दिली.

नाशिकच्या कुटुंबानें मग करावें काय? सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबई गांठणें सोपें आहे. परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचेंच काम करीत आहे. पण कोठेंहि गेलें तरी एका डॉक्टराच्या एका शब्दावर निर्णय घेऊं नये. शस्त्रवैद्य, यकृततज्ज्ञ, नळीनें उपचार करणारा तज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून जेथें विचार करितात, तेथें सल्ला घ्यावा. सर्व फिती व अहवाल तारखेवार लावून न्यावे. आणि पांच प्रश्न लिहून न्यावे : यकृत कोणत्या वर्गांतील आहे? कापल्यावर किती उरेल? यकृत बदलण्याच्या मर्यादेंत रोग बसतो का, नसल्यास आणतां येईल का? सुचविलेल्या उपचारानें काय साधेल, आणि तो न केल्यास काय होईल? एकूण खर्च किती, आणि त्यांतील किती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत बसतो? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडून घ्यावें. हें सारें विचारल्याखेरीज मळा किंवा घर विकावयास काढूं नये. यकृत साथ देत नसेल आणि वैद्यांनीं शस्त्रक्रिया नको म्हटलें, तर तो रोग्याचा त्याग नव्हे. वेदना, जलोदर आणि झोप यांवर उपचार करून उरलेले दिवस सुखाचे करणें, हेंहि वैद्यकाचेंच काम आहे. आणि रोग्याला स्वतःला खरें सांगून त्याचीहि इच्छा विचारणें, हें घराचें काम आहे.

राहतां राहिला प्रश्न तो हा प्रसंग येऊंच नये यासाठीं काय करतां येईल याचा. 'ब' विषाणूवर लस आहे. बाळाला ती जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत द्यावी. 'क' विषाणूवर लस नाहीं, पण तो गोळ्यांनीं बहुतेकांत समूळ जातो. २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत या तपासण्या व औषधें सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. बुरशी लागलेले शेंगदाणे व मका खाऊं नये, कारण त्या बुरशीचें विष यकृतालाच बाधतें. दारूविषयीं नाशिकच्या द्राक्षांचा अभिमान बाळगूनहि एवढें म्हणतां येईल कीं, यकृताला वारुणी आणि वाइन यांतील भेद कळत नाहीं. आणि ज्यांस सिऱ्होसिस किंवा जुनी 'ब' कावीळ आहे, त्यांनीं दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करावी. दोन सेंटिमीटरांची गांठ वेळीं सांपडली, तर ती कापणें, जाळणें किंवा यकृत बदलणें हे तिन्ही मार्ग मोकळे असतात. सहा सेंटिमीटरांच्या चार गांठी सांपडल्या म्हणजे त्यांतील एकेक बंद होऊं लागतो. शस्त्रवैद्याची सुरी धारदार आहेच. पण तिला वेळ मिळवून देणें घराच्या हातांत आहे.